आतल्या बाजूचा बंध

सहाणेवर रक्तचंदन उगाळल्याचा आवाज मी लहानपणापासून ओळखतो. कुणाचा पाय मुरगळला, कुणाचं मनगट लचकलं की आमच्याकडे आधी सहाण निघायची. गेल्या पावसाळ्यात तोच आवाज बहिणीच्या स्वयंपाकघरातून आला. भाचा दिवाणावर पाय लांब करून पडला होता. कबड्डीच्या सरावात चढाई करताना एकाने त्याचा घोटा धरला, पाऊल जागच्या जागी अडकलं आणि साखळीतल्या दुसऱ्याचा धक्का गुडघ्याला बाहेरून बसला. "मामा, आतल्या बाजूला काहीतरी टचकन तुटलं," एवढंच तो पुन्हापुन्हा सांगत होता. माझी आई वाटीत लेप घेऊन आली. भावोजी म्हणाले, प्लास्टर घालून टाकू, दीड महिन्यात मोकळा होईल. शेजारच्या काकांचं म्हणणं, लिगामेंट तुटलं म्हणजे ऑपरेशनला पर्याय नाही.

त्या एका खोलीत या दुखापतीवरच्या उपचारांच्या तिन्ही पिढ्या बोलत होत्या. लेप, बंधन आणि टाका. शेवटी भाच्याच्या वाट्याला जे आलं ते तिघांपैकी कुणीच सुचवलं नव्हतं. वैद्यकाला तिथवर पोचायला किती वळणं घ्यावी लागली, ते शोधत मी पुढचे काही महिने वाचत राहिलो.

जो बंध तुटला होता त्याचं नाव मीडियल कोलॅटरल लिगामेंट, डॉक्टरांच्या बोलण्यात एमसीएल. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, मांडीच्या हाडाच्या उंचवट्याजवळ तो सुरू होतो आणि सांध्याची फट ओलांडून सुमारे सहा सेंटीमीटर खाली नडगीच्या हाडावर घट्ट बसतो. चपटी, रुंद, साधारण अर्ध्या वितीएवढ्या लांबीची पट्टी. तिच्याखाली आणखी एक आखूड थर असतो, तो सांध्यातल्या आतल्या गादीला, म्हणजे मेनिस्कसला चिकटलेला. बाहेरून धक्का बसला की गुडघा आतल्या बाजूने पुस्तकासारखा उघडू पाहतो. ते उघडणं रोखणं हे या पट्टीचं काम.

मराठीत तिला काय म्हणावं? पाठ्यपुस्तकं अस्थिबंध म्हणतात, मैदानावर सगळे लिगामेंटच म्हणतात. पण जुन्या वैद्यकात याला एक शब्द होता आणि तो आजही आपल्या तोंडी आहे, फक्त त्याचा अर्थ पालटला आहे. तो शब्द म्हणजे स्नायू. आज आपण स्नायू म्हणतो ते दंडातल्या, पोटरीतल्या मांसल भागाला. सुश्रुतसंहितेत त्या भागाला पेशी म्हटलं आहे. स्नायू म्हणजे तिथे बांधणाऱ्या दोऱ्या, आजच्या भाषेत लिगामेंट आणि टेंडन. शारीरस्थानात सुश्रुत त्यांची संख्या नऊशे सांगतो आणि नावेचा दृष्टान्त देतो: फळ्या पुष्कळ बंधांनी नीट जखडलेल्या असल्या की नाव माणसांचं ओझं घेऊन पाण्यावर तरते, तसंच स्नायूंनी बांधलेले सांधे शरीराचा भार पेलतात. पुढे तो म्हणतो की हाड, मांस, शीर किंवा सांधा यांच्या इजेने जेवढं नुकसान होत नाही तेवढं स्नायूच्या इजेने होतं. क्ष-किरण नव्हते, गुडघ्याच्या आत डोकावणारी दुर्बीण नव्हती, त्या काळात हाडापेक्षा बंधाला जास्त मोलाचं मानणारी ही नजर मला थक्क करते. आजही हाड मोडलं नाही असं एक्स-रे पाहून कळलं की घरातले सुटकेचा श्वास टाकतात. बंध तुटला असेल ही शंका नंतर येते, कधी महिन्यांनी.

चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात मोडलेल्या हाडांचे आणि निखळलेल्या सांध्यांचे उपचार आहेत. लेपासाठी मंजिष्ठा, ज्येष्ठमध, रक्तचंदन, शंभर वेळा धुतलेलं तूप आणि साळीचं पीठ. ती यादी वाचताना मी थबकलो. आईच्या वाटीत त्यातलं एक होतंच. आधार द्यायला मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू. बंधन किती दिवसांनी बदलायचं तेही ऋतूप्रमाणे ठरलेलं: थंडीत सात दिवसांनी, मध्यम हवेत पाच, उन्हाळ्यात तीन. आणि मग या मागोव्यात शेवटपर्यंत साथ करणारं एक वाक्य येतं. त्याचा आशय असा: बंधन फार सैल असेल तर सांध्याला स्थैर्य येत नाही, फार घट्ट असेल तर सूज येते, वेदना होतात, पिकतं. किती घट्ट आणि किती सैल, हा प्रश्न तिथे स्पष्ट मांडलेला आहे. गुडघ्याच्या आतल्या बंधाचा पुढचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरला.

मधल्या शतकांत हे ज्ञान आपल्याकडे हाडवैद्यांच्या आणि तालमीतल्या वस्तादांच्या हातात राहिलं. पोटावर घेऊन पाय ओढणं, मालीश, पट्टा, लेप. चांगल्या हातांनी पुष्कळांना बरं केलं. पण ताज्या तुटलेल्या बंधावर जोर लावून केलेली मालीश मात्र कुणाच्याही हातची असो, ती टाळायलाच हवी, हे मी इथेच सांगून ठेवतो.

युरोपात या दुखापतीकडे बारकाईने पाहणाऱ्या पहिल्यांपैकी एक होता ल्यों शहरातल्या ओतेल-द्यू रुग्णालयाचा शल्यविशारद आमेदे बोने. त्याने मृतदेहांचे गुडघे वेगवेगळ्या दिशांनी जोराने वाकवून कोणता बंध कुठे तुटतो ते पाहिलं आणि १८४५ साली सांध्यांच्या रोगांवरच्या मोठ्या ग्रंथात ते लिहिलं. तुटताना येणारा आवाज, सांध्यात साठणारं रक्त, पायातली गेलेली ताकद, या खुणा त्याने नोंदल्या. भाच्याचं "टचकन" मला तिथे फ्रेंच वेशात भेटलं. बोनेचं दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. फार दिवस न हलवलेला सांधा आपोआप बिघडतो हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि रोग्याने स्वतःच्या हाताने सांधा हलवावा म्हणून त्याने दोऱ्या-कप्प्यांची यंत्रं बनवली होती.

पण जग गेलं दुसऱ्या बाजूला. १८५२ साली डच लष्करी डॉक्टर आंतोनियस माथायसन याने प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी प्रसिद्ध केली. पाण्यात भिजवायची, गुंडाळायची, काही मिनिटांत दगड. तिकडे लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन टॉमस विश्रांतीचा कट्टर पुरस्कर्ता होता. सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी असं तो शिकवायचा, आणि त्याच्या नावाची पट्टी आजही रुग्णालयात दिसते. पॅरिसमध्ये ल्युका-शाँपिओनिएर अगदी उलट सांगत होता, की लवकर हलवा, हलकं मालीश करा. त्याचं फार थोड्यांनी ऐकलं. प्लास्टर स्वस्त होतं, निश्चित होतं आणि डॉक्टरला रात्री झोप लागू देत होतं. भावोजींच्या सूचनेला असा पावणेदोनशे वर्षांचा वारसा आहे.

मग टाका आला. निर्जंतुक शस्त्रक्रिया रुळल्यावर गुडघा उघडण्याची भीती कमी झाली. १८९५ साली लीड्समध्ये मेयो रॉबसन याने एका खाणकामगाराच्या गुडघ्यातले फुलीसारखे असणारे क्रूशिएट बंध शिवले. आतल्या बाजूच्या बंधाकडे शल्यविशारद नेटाने वळले ते १९३० नंतर. सैल पडलेला बंध खालच्या टोकाशी हाडासकट सोडवून आणखी खाली ताणून बसवण्याची मॉकची शस्त्रक्रिया १९३६ची. १९३८ साली स्वीडनच्या ईव्हार पाल्मरचा प्रबंध आला. गुडघ्याच्या बंधांवर इतकं सखोल लेखन आधी झालेलं नव्हतं. त्याचा सांगावा साधा होता: ताजा तुटलेला बंध ताजा असतानाच शिवा. उशीर झाला की टोकं आक्रसतात आणि मग काहीही केलं तरी गुडघा डुगडुगतो.

हा विचार लोकप्रिय केला तो ओक्लाहोमाच्या डॉन ओ'डोनह्यू याने. तो विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा डॉक्टर. हा अमेरिकन फुटबॉल, ज्यात खिळ्यांचे बूट गवतात रुतलेले असतात आणि समोरचा गडी खांदा घेऊन बाहेरून गुडघ्यावर आदळतो. एमसीएल तोडण्यासाठी याहून नेमकी रचना शोधून सापडणार नाही. १९५० साली ओ'डोनह्यूने ताज्या दुखापतींवरच्या शस्त्रक्रियांचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक त्रिकूट त्याने पुढे आणलं: आतला बंध, आतली गादी आणि पुढचा क्रूशिएट, तिन्ही एकाच फटक्यात. या दुर्दैवी त्रिकुटाला पुढे त्याचंच नाव चिकटलं. १९९१ मध्ये शेलबोर्न आणि निट्झ यांनी दुर्बिणीतून तपासून दाखवलं की अशा खेळाडूंत आतल्या गादीपेक्षा बाहेरची गादी जास्त वेळा फाटलेली असते. तोपर्यंत चार दशकं विद्यार्थी जुनंच त्रिकूट पाठ करत होते.

ओ'डोनह्यूला नावं ठेवणं मला पटत नाही. त्याआधी असा खेळाडू पट्टी बांधून घरी पाठवला जायचा आणि सहा महिन्यांनी जिना उतरताना त्याचा गुडघा दगा द्यायचा. मैदानावरच, सूज चढायच्या आत गुडघा तपासा, नेमकं काय तुटलंय ते शोधा, हा त्याचा आग्रह आजही तितकाच खरा आहे. त्याचा उपाय मात्र जड होता. गुडघ्याच्या आतल्या बाजूला लांब छेद, ओल्या सुतळीच्या पिंजलेल्या टोकांसारखे धागे एकेक करून जुळवणं, आणि वरून जांघेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. प्लास्टर कापलं जाई तेव्हा मांडी काठीसारखी झालेली असे आणि गुडघा वाकत नसे. पुढचे महिने तो वाकवण्यात जात.

आणि इथेच एक साधा प्रश्न बरीच वर्षं कुणी विचारला नाही. बंध टाक्याने भरून आला की टाका नसता तरी भरून आला असता?

१९७४ साली एल्सासर, रेनॉल्ड्स आणि ओमोहुंड्रो यांनी व्यावसायिक फुटबॉलपटूंची माहिती छापली. त्यांनी निवडक खेळाडूंच्या बाजूच्या बंधांना हातच लावला नव्हता. निवड कडक होती: पाय सरळ असताना गुडघा पक्का हवा, वाकवून ताण दिल्यावर उघडण्याला ठाम शेवट लागायला हवा, सांध्यात मोठी सूज नको. असे खेळाडू प्लास्टरशिवाय, व्यायामाने, काही आठवड्यांत मैदानावर परतले. तरी शंका उरली: हे बंध अर्धवटच तुटलेले असतील. १९७८ मध्ये फेटो आणि मार्शल यांनी गुंता उकलला. त्यांनी दाखवलं की आतला बंध पूर्ण तुटलेल्यांपैकी बहुतेकांचा दुसराही एखादा बंध तुटलेला असतो, आणि वाईट निकाल येतात ते त्या दुसऱ्यामुळे. १९८३ साली फ्लोरिडाच्या पीटर इंडेलिकाटोने शेवटचा प्रश्न विचारला. पुढचा क्रूशिएट शाबूत असल्याची खात्री करून त्याने फक्त आतला बंध पूर्ण तुटलेले रुग्ण घेतले. काहींचा शिवला, काहींचा नाही. न शिवलेले गुडघे शिवलेल्यांइतकेच पक्के झाले, आणि त्यांना व्रणही नव्हता.

डॉक्टर हे मान्य करायला कचरत होते, कारण तुटलेली दोरी आपोआप जुळते हे पटणं कठीण असतं. ते पटवलं प्राण्यांनी. कॅलिफोर्नियात सॅव्हिओ वू आणि त्यांचे सहकारी सशांचे, कुत्र्यांचे बंध कापून, काहींचे शिवून, काहींचे तसेच ठेवून, काही बांधून, काही मोकळे सोडून किती ताण सोसतात ते मोजत होते. १९८७ साली छापून आलेल्या कुत्र्यांवरच्या कामात सर्वांत चांगला निकाल न शिवलेल्या आणि लवकर हलवलेल्या गुडघ्यांचा होता. शिवून दीर्घकाळ जखडलेले मागे पडले. सशांवरचं काम तर अंगावर येतं. त्यात बंध कापलाच नव्हता. निरोगी गुडघा नुसता नऊ आठवडे जखडून ठेवला तर बंधाची तुटेपर्यंत ताण सोसण्याची क्षमता जेमतेम एक तृतीयांश उरली. विश्रांती म्हणून जे दिलं जात होतं ते बंधाला आतून पोखरत होतं. त्या मुक्या जनावरांचं आपल्यावर मोठं ऋण आहे. माझा भाचा आज चालतो त्यात त्यांचाही वाटा आहे.

आतलाच बंध एवढा दिलदारपणे का भरून येतो? तो सांध्याच्या पोकळीच्या बाहेर आहे. त्याला आजूबाजूच्या मऊ भागातून रक्त मिळतं. तुटल्यावर रक्त तिथेच गोठतं, त्या गाठीत नवे धागे विणले जातात. पुढचा क्रूशिएट सांध्याच्या वंगणात बुडालेला असतो, तिथे ही गाठ टिकत नाही आणि टोकं एकमेकांना शोधू शकत नाहीत. एकाच गुडघ्यातले, दोन बोटांच्या अंतरावरचे दोन बंध, पण एकाला शस्त्रक्रिया लागते आणि एकाला बहुधा नाही. कॅलगरीच्या सिरिल फ्रँक यांनी या भरून आलेल्या जागेचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ती मूळच्यासारखी कधीच होत नाही, धाग्यांचा दर्जा कमीच राहतो. पण ती मूळपेक्षा जाड होते आणि ती जाडी उणीव भरून काढते. आणि हे नवे धागे ताणाच्या दिशेने रांगेत यावेत यासाठी त्यांना थोडा ताण लागतो. अजिबात हालचाल नसेल तर ते जाळ्यासारखे अस्ताव्यस्त पडतात.

भाच्याला आम्ही चौथ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेलं. डॉक्टरांनी आधी चांगला पाय हातात घेतला. "याचा गुडघा मुळात किती ढिला आहे ते कळल्याशिवाय दुसऱ्याचं काय सांगणार?" मग दुखरा. एक तळहात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, दुसऱ्याने घोटा धरलेला. पाय सरळ ठेवून घोटा हळूच बाहेर नेला. काही झालं नाही. मग पाय टेबलाच्या कडेवरून खाली सोडून तीस अंशांत वाकवला आणि पुन्हा तेच. त्यांनी माझं बोट आतल्या फटीवर ठेवलं. बोटाखाली ती फट उघडली, बोटाचं टोक आत जाईल इतकी, आणि मग कुठेतरी मऊसर अडली. भाच्याने डोळे मिटले.

असं दोनदा का तपासतात हे मला नंतर समजलं. १९८१ साली ग्रूड, नोयेस आणि सहकाऱ्यांनी मोजलं होतं की पाय जवळजवळ सरळ असताना आतल्या बाजूने उघडू पाहणाऱ्या गुडघ्याला रोखण्यात या मुख्य पट्टीचा वाटा ५७ टक्के असतो. पंचवीस अंश वाकवल्यावर तोच ७८ टक्के होतो, कारण बाकीचे मदतनीस सैल पडतात. म्हणून वाकवून उघडतो आणि सरळ ठेवून उघडत नाही, याचा अर्थ पट्टी तुटली पण शेजारी शाबूत. सरळ ठेवूनही उघडला असता तर ते मोठं दुखणं होतं. ५ मिलिमीटरपर्यंत जादा उघडणं पहिल्या प्रतीचं, ५ ते १० दुसऱ्या, त्यापुढे तिसऱ्या, अशी ढोबळ मोजणी करतात. भाच्याची दुखापत दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या सीमेवर. एमआरआयने क्रूशिएट वाचल्याचं सांगितलं.

शेजारच्या काकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, हेही त्या दिवशी कळलं. पट्टी खालच्या टोकाला, नडगीवरून उपटली गेली आणि तिचं टोक हंसाच्या पायासारख्या पसरलेल्या तीन टेंडनांच्या बाहेर उलटून पडलं, तर ते आपल्या जागी परत येऊ शकत नाही. मग टाका हवाच. अनेक बंध एकदम तुटले, हाडाचा तुकडा निघाला, किंवा महिन्यांनंतरही गुडघा उघडतच राहिला, तर दुसरं टेंडन घेऊन नवा बंध बांधतात. २००७ नंतर लाप्राद आणि सहकाऱ्यांनी पट्टीच्या दोन्ही टोकांच्या जागा मिलिमीटरमध्ये नेमून दिल्यामुळे हे काम आता नेमकेपणाने होतं. क्रूशिएटही तुटला असेल तेव्हा? हेलसिंकीतल्या, २००६ साली छापलेल्या चाचणीत ४७ रुग्णांचा क्रूशिएट लवकर नव्याने बांधला आणि आतला बंध निम्म्यांचाच शिवला. न शिवलेल्यांचं काही अडलं नाही.

भाच्याला मिळाला बिजागरी असलेला पट्टा. दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, मध्ये गोल तबकडी, तबकडीत पिना. गुडघा पुढे-मागे वाकेल, बाजूला उघडणार नाही. फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला. "मांडी घट्ट करून तो दाब. दहा मोज. सोड." तिसऱ्या खेपेला त्याच्या मांडीला कंप सुटला. मग सरळ पाय उचलणं, मग टाच अंथरुणावरून सरकवत आणणं. पायावर सोसेल तेवढा भार पहिल्या आठवड्यापासूनच. पट्टा किती आवळायचा हे ताईंनी माझ्या बहिणीला दाखवलं: आत एक बोट जायला हवं, दोन नकोत. मला सुश्रुताचं ते वाक्य आठवलं आणि मी ते ताईंना सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आईने लेपाचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, कातडी सोललेली नसेल तर वरून लावा, चोळू मात्र नका. वरच्या टोकाशी जखम झाली असली की पुढे कधी तिथे चुना साठतो. इटलीच्या पेलेग्रिनीने १९०५ मध्ये आणि जर्मनीच्या श्टीडाने १९०८ मध्ये एक्स-रेवर ती पांढरी रेघ दाखवली होती, म्हणून त्या दोघांचं नाव तिला आहे. आईने ते मानलं. रोज संध्याकाळी ती दोन बोटांनी, पिसाने लावावा तसा हलका लेप लावायची.

पिना ताई हलवायच्या. पहिल्या आठवड्यात तीस, मग साठ, मग नव्वद. कोनमापकाचा एक हात मांडीवर, एक नडगीवर धरून त्या आकडा मोठ्याने वाचायच्या आणि भाचा तो कॅलेंडरवर तारखेखाली लिहायचा. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी पुन्हा तीस अंशांत वाकवून घोटा बाहेर नेला. मी न सांगता बोट फटीवर ठेवलं. किंचित हललं आणि खट्कन अडलं. लाकडावर लाकूड टेकावं तसं.

"आता जमिनीवर मांडी घालून बस बघू," डॉक्टर म्हणाले. तो बसला. उठताना मात्र हात टेकला.